माळावरचं तरस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. सांगून मोकळं वाटेल म्हणून सांगतेय असंही नाही. आता फारसं काही वाटतच नाही, म्हणून कदाचित जमतंय.

माझं माहेर सारोळ्याजवळचं. पुणे पसरत पसरत आमच्या भोर-वेल्ह्यापर्यंत आलं, तेव्हा महानगराच्या आराखड्यात जंगली जनावरांच्या जागा आधीच हेरून राखायचं ठरलं. त्या पाहणीच्या कामावर मी होते, माझ्याबरोबर माझा सहकारी नितीन. पासलीच्या डोंगरावरची दाट झाडी राखायला कुणाचीच ना नव्हती. पण आमच्या गावामागचा माळ? नुसते खडक, कुसळं, चार बाभळी. त्याला कोण जंगल म्हणणार?

नितीन म्हणाला, तिथं तरस आहे. त्याला एकदा लांबून, ओझरतं दिसलं होतं. फोटो मिळाला नव्हता.

मग एका सकाळी मी एकटीच गेले. आणि — मला दिसलं. ओझरतं नाही, चांगलं समोर. खडकाखालच्या बिळातून मादी बाहेर आली. उंच खांदे, मागे उतरत गेलेली पाठ, अंगावर पट्टे. तिच्यामागं पिल्लं. एक तर तिच्या शेपटीलाच लोंबकळत होतं. मोबाईल हातात असून मी फोटो काढला नाही. वाटलं, हलले तर जातील. उद्या नितीनलाच घेऊन येऊ.

घरी वडिलांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. जेवता जेवता एवढंच म्हणाले, "तू जाशील पुण्याला निघून. आमाला हितंच ऱ्हायचंय. माळ राखीव झाला तर लोकांनी शेरडं कुठं चारायची? तुज्यामुळं झालं म्हनतील."

मी नितीनला काहीच बोलले नाही. तेव्हाच ठरलं होतं का माझं? माहीत नाही.

मग गावात बैठक झाली. नितीन उभा राहून माळाबद्दल सांगत होता आणि लोक चिडत होते. शेवटी सरपंच माझ्याकडे वळले. "ताई, तुमी तर हितल्याच. तुमीच सांगा, हाय का तरस?"

नितीन माझ्याकडे बघत होता. निवांत. ही खरं तेच सांगणार, अशा खात्रीनं.

"मी जाऊन बघितलं," मी म्हणाले, "काही नाही तिथं. कुत्री असतील."

इथं थांबले असते तरी — पण नाही थांबले. "नितीनच्या चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक," असंही म्हणाले. सगळे हसले. तोही हसला. त्याचे कान लाल झाले होते.

माळ वगळला गेला. थोड्याच दिवसांत तिथं सपाटीकरणाला जेसीबी आला. वडिलांचा फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते. "बिळात पिल्लं व्हती गं," ते म्हणाले, "मातीखालीच गेली. मोठं तरस हायवेकडं पळालं म्हनत्यात." मग म्हणाले, "कुनाला बोलू नगंस." मी बरं म्हणाले. तव्यावरची पोळी उलटली. रडू आलं नाही. अजूनही येत नाही.

नितीननं पाहणीचं काम सोडलं. आता तो भोरला दुकान चालवतो. मागच्या वर्षी त्याचा सहज म्हणून फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "अगं, त्या माळाचं अजून डोक्यात येतं. पण तूच बरोबर असशील. कुत्रंच असेल ते. इतक्या लांबून काय दिसणार? उगाच सगळ्यांसमोर तुला अडचणीत आणलं. राग नाही ना?"

मला सांगता आलं असतं. तो वाट बघत होता.

"छे रे," मी म्हणाले, "होतं असं कधी कधी."