आधी पेशंट दाखवा

निवृत्त नर्सबाई सर्व्हिस सेंटरच्या बाकावरून चौथ्यांदा उठल्या. नवऱ्याचे पाय लुळे पडल्यापासून त्याला चार ठिकाणी फिरवणारी ही एकच गाडी. तिच्या ब्रेकनं दगा देऊन चालणार नव्हतं.

"मॅडम, इंजिन आतून धुऊन घ्या, ब्रेक पॅडही बदला," काउंटरवरचा माणूस गोड हसला.

"आधी पेशंट दाखवा!" म्हणत त्या आत घुसल्या आणि त्यांनी मेकॅनिकला चाक उतरवायला लावलं. पॅड निम्मे शिल्लक होते, आणि कंपनीच्या पुस्तिकेत इंजिन धुण्याचं नावही नव्हतं. दोन्ही कामांवर काट मारून त्या बाकाशेजारी व्हीलचेअरवर बसलेल्या नवऱ्याला घेऊन निघाल्या खऱ्या, पण रिकाम्या रस्त्यावरही ब्रेक दाबून बघत राहिल्या.

"अगं, किती वेळा नाडी बघशील? पेशंट ठणठणीत आहे," नवरा म्हणाला.

"गप्प बसा हो," म्हणत त्यांनी पुन्हा ब्रेक दाबला.