त्या एका खात्यावरची सही

बाळांनो,

मागच्या आठवड्यात तुमच्यातल्या थोरल्याने मला फोनवर विचारलं, "आजी, तुझी ती बँक तुला देते तरी काय?" स्वतः त्याने आजवर किती बँका बदलल्या ते त्याने हसत हसत सांगितलं. एकीने प्रवासाची बॅग दिली म्हणे, दुसरीने व्याज जास्त दिलं. मी तेव्हा विषय बदलला. फोनवर तुम्ही घाईत असता, आणि माझं मराठी ऐकता ऐकता तुमचं उत्तर भलत्याच भाषेत सुरू होतं. पण परवा बँकेचं पत्र आलं की आमची जुन्या गावठाणातली शाखा बंद होणार आणि खाती दुसरीकडे जाणार. म्हटलं, त्या खात्याची हकीकत आता लिहून टाकावी. तुमची आई तुम्हाला वाचून दाखवील. तिला यातलं थोडं आठवतही असेल.

१९६२ साली आम्ही ठाण्याहून बेर्शेबाला आलो, तुमचे आजोबा, मी, कडेवर तुमची आई आणि माझ्या सासूबाई. बेर्शेबा तेव्हा लहान होतं. शिकून म्हणजे आमची सरकारी वसाहत, तिच्या शेवटच्या इमारतीमागे रस्ता संपायचा आणि वाळू सुरू व्हायची. दुपारी वारा सुटला की दारं-खिडक्या लावून बसायचं, तरी संध्याकाळी भाकरीच्या पिठात कचकच लागायचीच. तुमच्या आजोबांना कापडाच्या कारखान्यात फिटरचं काम मिळालं. मी मुंबईत इंग्रजी शाळेत शिकलेली, टायपिंग येणारी, म्हणून मला एका ऑफिसात परदेशी पत्रव्यवहाराची नोकरी मिळाली. घरात हिब्रू सगळ्यात आधी तुमच्या आईला आलं आणि सगळ्यात शेवटी सासूबाईंना. खरं सांगायचं तर त्यांना ते आलंच नाही.

सासूबाई अलिबागकडच्या. त्यांच्या वडिलांचा तेलाचा घाणा होता. आपले यहुदी लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून कोकणात आपल्याला शनवार तेली म्हणत, हे तुम्हाला ठाऊक आहे. सासूबाई सांगायच्या, आमचं गिऱ्हाईक कधी दुसऱ्या घाण्यावर गेलं नाही. शनिवारी घरातलं तेल संपलं तर रविवारपर्यंत बिनतेलाचं जेवत, पण थांबत. आणि वडीलही कुणाच्या भांड्यात कमी तेल ओतत नसत. गिऱ्हाइकाने थांबायचं आणि तेल्याने माप राखायचं, असा त्यांचा सगळा हिशेब होता.

तो घाणा त्यांच्या हातून गेला तो एका अंगठ्यापायी. वडील वारल्यावर चुलतभावांनी एक कागद वाचून दाखवला, नुसती व्यवस्था म्हणून सांगितलं, आणि सासूबाईंनी विश्वासाने अंगठा उठवला. त्या कागदात त्यांचा हिस्सा गेला होता. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा पहिल्याच महिन्यात त्यांनी माझ्यासमोर पाटी आणून ठेवली आणि म्हणाल्या, "सूनबाई, मला माझं नाव शिकव." नाव आलं तशी मी पुढे वाचायला शिकवू लागले, तर त्यांनी पाटी पुसून ठेवून दिली. "मला पोथ्या वाचायच्या नाहीत. मला अंगठा द्यायचा नाही."

त्यांच्याजवळ बांगड्या विकून आलेले थोडे पैसे होते. ते स्वतःच्या नावावरच ठेवायचे हा त्यांचा हट्ट होता. मी त्यांना बँकेत घेऊन गेले. जुन्या गावठाणात, दगडी कमानीच्या घरात ती शाखा होती. आत गारवा असायचा, छताचा पंखा करकरायचा, आणि टेबलावर काचेच्या पेल्यात काळा चहा निवत पडलेला असायचा. तो वास आठवला की मला अजून त्या वर्षांत गेल्यासारखं वाटतं. शिक्का मारायची शाई, कागद आणि लिंबू पिळलेला चहा.

सासूबाईंनी कार्डावर मराठीत सही केली. आधी वरची रेघ ओढायची आणि मग तिला एकेक अक्षर टांगायचं, अशी त्यांची पद्धत. खिडकीवरच्या बाईंनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि मॅनेजरला बोलावलं. ते रुमानियाहून आलेले, जाडजूड, खाकी अर्ध्या चड्डीतले गृहस्थ. त्यांनी एका कोऱ्या कागदावर पुन्हा सही करायला लावली, मग पुन्हा. सगळ्या सह्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. मग मला मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "माझ्या बायकोची सही हिब्रूत आहे, ती तरी मला कुठे वाचता येते? दर वेळी सारखी आली की झालं."

मी ते मराठीत सांगितलं. सासूबाईंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, "माणूस माप राखणारा आहे." त्या दिवसापासून ती त्यांची बँक झाली. घरी एलियाहू हन्नबीच्या, आपल्या प्रेषिताच्या, नावाने मलिदा केला की एक वाटी फडक्यात बांधून मॅनेजरांकडे जायची. पोहे मुंबईहून पार्सलने आलेले, गुळाच्या जागी साखर आणि ओल्या नारळाच्या जागी पाकिटातलं सुकं खोबरं. मॅनेजर आधी विचारायचे कुठली बेराखा, म्हणजे खाण्याआधीची प्रार्थना, म्हणायची, मग म्हणायचे आणि उभ्या उभ्या वाटी संपवायचे. आजोबा चिडवायचे, "आईचं व्याज उलट्या बाजूने चालतं."

पुढच्या वर्षी कारखान्याने पगार दुसऱ्या, मोठ्या बँकेतून द्यायला सुरुवात केली. तेव्हा आम्ही घर घ्यायच्या खटपटीत होतो. त्या बँकेने सांगितलं, घरातली सगळी खाती आमच्याकडे आणा, म्हणजे कर्ज जास्त देऊ आणि व्याजही कमी लावू. त्या कर्जात आम्हाला एक खोली जास्त मिळत होती, आणि ती सासूबाईंसाठी होती. आजोबांनी नकाशावर बोट ठेवून त्यांना दाखवली. पूर्वेची खिडकी होती तिला. सासूबाई कधी काही मागत नसत, पण त्या खिडकीखाली पलंग कसा लागेल हे त्यांनी मला विचारलं होतं.

तरी त्या आधी आपल्या मॅनेजरांकडे गेल्या. इतक्या दिवसांचं गिऱ्हाईक आहे, ते काहीतरी जुळवून देतील, अशी त्यांची खात्री होती. मॅनेजरांनी कागद पाहिले, कपाळ चोळलं आणि मला म्हणाले की एवढं मी देऊ शकत नाही, तिकडेच जा, तुमच्या भल्याचं आहे, मला राग नाही. मी सांगितलं तेव्हा सासूबाईंना पटेचना. बसस्टॉपवर उभ्या उभ्या म्हणाल्या, "आपलं गिऱ्हाईक दुसऱ्या घाण्यावर धाडतो, असा कसा हा तेली?" पण गेल्या त्या आमच्याबरोबर नव्या बँकेत.

तिथे फरशी चकचकीत होती आणि तरुण कारकून हसतमुख. वागायला चांगला होता तो, यात शंका नाही. सासूबाईंनी रेघ ओढून दोन अक्षरं टांगली न टांगली तोच त्याने हळूच कागद काढून घेतला आणि जांभळ्या शाईची डबी पुढे सरकवली. हिब्रू किंवा लॅटिन अक्षर, नाहीतर अंगठा, असा नियम होता. मी इंग्रजीत वाद घातला. त्याने मान हलवली आणि पुन्हा हसला.

सासूबाई मला म्हणाल्या, "त्याला सांग, मला लिहिता येतं."

"आई," आजोबा हळू आवाजात म्हणाले, "एकदाच टेक ना. तुझ्याच खोलीसाठी आहे."

त्यांनी मुलाकडे पाहिलं. मग उजवा हात पदराखाली घेतला. "खोलीत मीच राहणार ना? मग अंगठा देऊन कशी राहू?" एवढं बोलून त्या दाराकडे चालू लागल्या.

त्या संध्याकाळी आजोबांनी घराचा नकाशा घडी घालून ठेवून दिला. आजोबांचा राग होता तो आईवर नव्हता, हे मला नंतर कळलं. आपण आपल्या आईला अंगठा टेक म्हणालो, हेच त्यांना डाचत होतं. त्यांनी फक्त स्वतःचं खातं नव्या बँकेत नेलं, कर्ज कमी मिळालं आणि आम्ही लहान घर घेतलं. सासूबाई शेवटपर्यंत बाहेरच्या खोलीत तुमच्या आईशेजारी झोपल्या. पलंग पूर्वेच्या बाजूला लागावा म्हणून आजोबांनी कपाट दोनदा हलवलं, पण त्या खोलीला पूर्वेची खिडकीच नव्हती.

चौसष्ट साली मॅनेजरांची दूर दक्षिणेला, एलात गावी बदली झाली. जाताना ते सासूबाईंना भेटायला घरी आले आणि मलिद्याची वाटी परत करून गेले. त्यात बायकोने केलेली जर्दाळूची मिठाई होती. मला काळजी पडली ती नव्या मॅनेजरची. तो सासूबाईंना ओळखत नव्हता आणि मलिदा त्याने कधी पाहिला नव्हता. पुढच्या वेळी पैसे काढायला गेलो तेव्हा सासूबाईंनी रेघ ओढली, अक्षरं टांगली. खिडकीवरच्या नव्या मुलीने खणातून कार्ड काढलं, दोन्ही सह्या शेजारी धरल्या आणि मान वर न करता पैसे मोजून दिले. सासूबाई तिथेच उभ्या राहिल्या. आता ही काही विचारणार, असं त्यांना वाटत असावं. कुणीच काही विचारलं नाही.

मग त्यांनी मला खिडकीशी ओढलं. खात्यावर माझंही नाव घालायचं होतं. मुलीने कार्ड पुढे केलं आणि मी सवयीने इंग्रजी सही करायला लागले. शाळेपासून माझी सही इंग्रजीच होती, वळणदार, आणि मला तिचा अभिमान होता. सासूबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"इथे मराठीत कर. माझ्या खाली."

मला क्षणभर माझंच नाव मराठीत लिहायला अवघड गेलं. आधी वरची रेघ ओढली, त्यांच्यासारखी.

तर थोरल्याच्या प्रश्नाचं उत्तर. एका बँकेला धरून राहण्यात फायदा होता का? पैशात नव्हता. एक खोली गेली, आणि पुढेही त्या बँकेने आम्हाला जगावेगळं काही दिलं नाही. मॅनेजर म्हणाले तेच खरं होतं, दुसरीकडे गेलो असतो तर बरं झालं असतं. तुम्ही खुशाल बँका बदला. बॅगाही घ्या. फक्त कुठल्या बँकेने तुमच्या घरातल्या कुणापुढे शाईची डबी सरकवली, तर तेवढं लक्षात ठेवा.

सासूबाई गेल्या, आजोबा गेले. माझी सही पेन्शनवर, पासपोर्टवर, दवाखान्यात, सगळीकडे इंग्रजी आहे. शाखा या महिन्यात बंद होते आहे. ते खातं चालू आहे, आणि त्यावरची माझी सही मराठीत आहे.