मी मागितलेला पंप

मी देवाशी भांडणारा माणूस होतो, हे आधीच कबूल करतो. इंदूरच्या ज्या कापडगिरणीत वीस वर्षं पंप सांभाळले ती बंद पडली, माझे पंप भंगारात गेले आणि मी सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागलो. दर गुरुवारी दत्ताच्या देवळात जायचो ते बायकोच्या आग्रहाखातर. हात जोडायचो, पण मनातून तोंड फुगवलेलंच असायचं. विश्वास म्हणाल तर माझा यंत्रांवर होता.

अशातच एका सकाळी बायकोला धाप लागली ती थांबेना. ओठ निळे पडले. पलासियातल्या एका नर्सिंग होममध्ये तिला दाखल केलं. आडवं होता येत नव्हतं म्हणून तिला उशांना टेकवून बसवलं होतं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "देखो भाऊ, हार्ट फार कमजोर झालंय. बाहेरच्या देशातून नवीन मशीन आलीय, हार्टला मदत करणारा पंपच समजा. मांडीतल्या नसेतून फुगा वर सरकवतात. तो फुगतो, मिटतो, हार्टला आराम मिळतो. पण ती दुसऱ्या पेशंटला लागलीय. दोपहर तक खाली होईल."

पंप म्हटल्यावर मला धीर आला. बाहेरच्या बाकावर बसून मी दत्ताला सांगायला सुरुवात केली, की बाकी काही नको, तो पंप तेवढा लवकर मोकळा कर. दहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजून गेले. मशीन येईना. गिरणी नेलीस, पंप नेलेस, आता हाही देत नाहीस, असं मी त्याला चक्क सुनावलं. आज त्याची लाज वाटते.

तेवढ्यात पांढऱ्या साडीतल्या एक वयस्कर बाई आल्या. महूच्या सैनिकी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. भाच्याला बघायला निघाल्या होत्या आणि मजला चुकल्या होत्या. दाराच्या काचेतून आत पाहून त्या थबकल्या.

"भाऊ, या तुमच्या मिसेस का? यांची मान अशी कधीपासून हलते?"

बायकोची मान बसल्या जागी किंचित हलत राहायची, प्रत्येक गोष्टीला हो म्हणावं तशी. नवऱ्याला इतकं हो म्हणणारी बायको अख्ख्या इंदूरात नाही, असं मी तिला वर्षभर चिडवत होतो. ते बाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"लहानपणी सांधे सुजायचे का?"

सुजायचे, सासूबाईंनी सांगितलं होतं.

"मग ही मान दिलाच्या ठोक्यावर हलतेय. रुको जरा, मी डॉक्टरसाहेबांशी बोलते."

डॉक्टरांनी त्यांचं ऐकून घेतलं, हा त्यांचा मोठेपणा. छातीत पाणी भरल्यामुळे आतला आवाज आधी नीट ऐकू आला नव्हता. पुन्हा तपासणी झाली आणि कळलं, की हृदयातून रक्त जिथून बाहेर पडतं तिथली झडप लहानपणच्या त्या सांध्यांच्या तापानं खराब होऊन गळतेय.

"अब वो पंप नहीं," डॉक्टर म्हणाले. "यांची झडपच नीट मिटत नाही. फुगा फुगला की रक्त उलटं हार्टमध्ये घुसेल."

पुढचं मला समजवावं लागलं नाही. उलटं येणारं पाणी थोपवणारा व्हॉल्व्हच गळत असेल आणि वरून दाब आला, तर काय होतं ते मी गिरणीत पाहिलं होतं. मशीन सकाळीच मोकळी असती, तर मीच हात जोडून ती लावायला सांगितलं असतं.

बाईंना म्हणालो, तुम्हाला दत्तानंच धाडलं. "मी बुद्धाला मानते, भाऊ, आणि मला महूच्या बसनं आणलं," असं म्हणून त्या पहिल्यांदा हसल्या आणि भाच्याचा मजला विचारत निघून गेल्या. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. बायको औषधांनी सावरली आणि पुढे मुंबईला तिची झडप बदलली.

कारखान्यात एखादं गिऱ्हाईक काय बिघडलंय ते न सांगता हाच पार्ट बदला म्हणून अडून बसतं, तेव्हा माझं डोकं फिरतं. त्या दिवशी दत्तापुढे मी तसंच गिऱ्हाईक होतो. त्यानं माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि मागितलेलं दिलं नाही. त्याचे हे उपकार फिटायचे नाहीत. आता गुरुवारी आम्ही दोघं देवळात जातो. मी फक्त बिघाड सांगतो, आणि दुरुस्ती त्याच्यावर सोडून तिच्याबरोबर घरी येतो.