मंगळवारी फुलसावंगीला गेलेला माणूस

इथले भुताखेतांचे, न उलगडणारे अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसण्यासाठीच वाचतोय. माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली. मी मोजणीदार होतो. जमिनीची मोजणी करून खुणा कायम करणे, नकाशा काढणे, दोन भावांच्या भांडणात मधे उभं राहणे... एकतीस वर्षं हेच केलं. जे मोजता येत नाही ते नाहीच, असं मी चारचौघांत छातीठोकपणे सांगायचो. त्यामुळे हे लिहिताना मला भीती नाही वाटत, लाज वाटते. लाज कशाची, ते पुढे येईलच.

मी राहतो बाभुळगावला. घरी मी आणि बायको सुनंदा. मुलगी लग्न होऊन अमरावतीला असते. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मला लघवीचा त्रास वाढला म्हणून यवतमाळला दाखवलं. तिथून नागपूरला पाठवलं. पीएसएची रक्ततपासणी झाली, बायोप्सी झाली आणि रिपोर्ट आला — प्रोस्टेटचा कॅन्सर. डॉक्टर शांत माणूस होता. म्हणाला, वेळेत सापडलंय, ऑपरेशन करून टाकू, दहा दिवसांत ऍडमिट व्हा.

मी घरी येऊन सुनंदाला सांगितलं की मूतखडा आहे.

फाईल जुन्या नकाशांच्या गुंडाळीत लपवली. तिथे ती कधी हात लावत नाही. आणि मग माझ्यात काहीतरी बिघडायला लागलं. कॅन्सर नाही, दुसरंच. सकाळी दात घासताना एकदम छाती धडधडायची, हात गार पडायचे. घास गिळला जायचा नाही. मोबाईलवर तेच ते शोधून वाचायचो, वाचून बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसायचो. हॉस्पिटलचा फोन आला की कट करायचो. ऍडमिट व्हायची तारीख अशीच निघून गेली. सुनंदा विचारायची, खडा पडला का? मी म्हणायचो, पडतोय.

आता परसराम आडेबद्दल सांगतो. त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

परसराम आणि मी नेरच्या ऑफिसात अकरा वर्षं सोबत होतो. तोही मोजणीदारच. मूळ फुलसावंगीकडच्या तांड्यातला, बंजारा. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. उन्हात शेताच्या बांधावर एका डब्यातून जेवलेली माणसं आम्ही. त्याच्या मुलीच्या लग्नाला मी फुलसावंगीला गेलोही होतो. नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्याला हेच दुखणं झालं. ऑपरेशन करून परत कामावर आला तेव्हा लघवीवर ताबा राहिला नव्हता. पॅन्टच्या आत जाड काहीतरी बांधायचा. खुर्चीवरून उठला की आधी मागे वळून खुर्ची बघायचा.

आमच्या खात्यात 'हद्द कायम' नावाची एक मोजणी असते, शेताची हद्द नक्की करून द्यायची. ऑफिससमोरच्या चहाच्या टपरीवर एकदा चार-पाच जण उभे असताना मी म्हणालो, "आडे साहेबाची हद्द आता काही कायम होत नाही, कुठूनही फुटते."

सगळे हसले. मी सगळ्यात जास्त हसलो. परसराम तेव्हा ऑफिसच्या पायऱ्या उतरत होता. त्याने ऐकलं की नाही, मला माहीत नव्हतं.

रिटायर होऊन तो गावी गेला. वर्षभराने मला नेरच्या बसस्टँडवर दिसला. खूप वाळला होता. कमरेला कापडी पिशवी अडकवलेली, तिच्यातून लघवीची नळी दिसत होती. यवतमाळच्या गाडीची वाट बघत होता. आणि मी... मी केळीच्या हातगाडीमागे जाऊन उभा राहिलो. त्याची गाडी येईपर्यंत, वीसेक मिनिटं. हे मी कधीच कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. पुढे त्याचा आजार हाडांत उतरला आणि तो गेला. मी मातीला गेलो नाही. नंतरही कधी भेटायला गेलो नाही. पाठ दुखते असं काहीतरी कारण ऑफिसात सांगितलं होतं.

आता तो मंगळवार.

अकराच्या सुमारास हॉस्पिटलचा फोन आला. मी कट केला आणि धडधड सुरू झाली, ती थांबेचना. मी मागच्या खोलीत जाऊन पडलो. अंगात हिरवा स्वेटर, वर गोधडी, तरी हुडहुडी. सुनंदा बाहेर ओसरीत बसून तुरी निवडत होती. त्या खोलीला दुसरं दार नाही, हे मुद्दाम सांगून ठेवतो. ती अधूनमधून डोकावत होती. दोनच्या सुमारास खिचडीचं ताट घेऊन आली, माझ्या कपाळाला हात लावला, मी नको म्हणालो. चारला चहा घेऊन आली.

त्या पाच तासांत मी एकच गोष्ट करत होतो. मनातल्या मनात परसरामच्या घरी जात होतो. एसटी, आर्णी, महागाव, फुलसावंगी. त्याच्या बायकोला, कमलावहिनींना, सगळं सांगत होतो. टपरीवरचं, केळीच्या गाडीमागचं. मग विचारत होतो की त्याने हे कसं सोसलं. झोप लागली नव्हती. डोळे मिटून तेच ते परत परत चाललं होतं, एवढंच.

गुरुवारी दुपारी एकच्या सुमारास फाटक वाजलं. सुनंदाने उघडलं. मी आतून बघितलं — कमलावहिनी. केस पूर्ण पांढरे, हातात मोठी थैली. फुलसावंगी ते बाभुळगाव म्हणजे गाड्या बदलत चार तासांचा रस्ता. बाई एकट्या आल्या होत्या.

पाणी पिऊन झाल्यावर त्या सुनंदाला म्हणाल्या, "परवा भाऊजी आलते ना घरी, तवाच मी म्हटलं, आपुन जाऊन पाहून येऊ. असं दुखणं एकट्यानं नाही होत, बाई."

सुनंदाने माझ्याकडे बघितलं. "परवा तं हे..." एवढं म्हणून ती थांबली. 'दुखणं' हा शब्द तिने पकडला होता.

वहिनींना वाटलं, तिला सगळं ठाऊक आहे. त्या थैलीतून एकेक वस्तू काढायला लागल्या. रबरी चादर. मोठ्या माणसांच्या डायपरचं न फोडलेलं पाकीट. परसरामची फाईल. तिच्यावर मोठ्या अक्षरांत आजाराचं नाव लिहिलेलं होतं. सुनंदाने ते वाचलं. तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मी जमिनीकडे बघत बसलो. माझ्या बायकोला माझा कॅन्सर असा कळला... परक्या बाईने आणलेल्या डायपरच्या पाकिटावरून आणि दुसऱ्याच्या फाईलवरून.

वहिनी म्हणाल्या, "लाजू नका. लागतेच ते. यायले तर वर्षभर लागलं."

मी आडून आडून विचारलं, वहिनी, मी किती वाजता पोचलो होतो हो? त्या म्हणाल्या, दोनच्या गाडीनं. एवढ्या उन्हात हिरवा स्वेटर घातलेला पाहून शेजारीण हसली होती. दोन गिलास पाणी प्यालात, तीनदा मागे लघवीला जाऊन आलात, यांच्यासारखंच. पत्ता विचारला तर दत्ताच्या देवळामागचं निळं फाटक म्हणून सांगितलंत. आणि मग ओट्यावर बसून रडलात.

ते निळं फाटक आम्ही त्याच दिवाळीत रंगवलं होतं.

मग त्यांनी माझ्याच शब्दांत टपरीवरची गोष्ट सांगितली. ती कोणीही सांगितली असेल, असं मी स्वतःला समजावत होतो. पण पुढे त्या म्हणाल्या, "अन् ते केळीच्या गाडीमागं लपल्याचं सांगतलं ना तुमी, ते यायले ठाऊक होतं. यायनं पाह्यलं होतं तुमाले. घरी येऊन मले म्हणे, तो मले नाही भेला, माह्या दुखण्याले भेला. जाऊ दे."

मला वर बघवेना. वीस मिनिटं मी लपलो होतो आणि वीस मिनिटं तो मला लपू देत होता.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तिने मला आजवर उभं ठेवलंय. परसरामलाही असंच व्हायचं — धडधड, गार हात, जेवण बंद. शेवटी दोघांनी भिण्याची वेळच ठरवून टाकली. रोज दुपारी चार ते साडेचार. "दिवसभर भेव आलं का म्हणायचं, आता नाही, चार वाजता ये. अन् चार वाजले का मी संगं बसत होती. काय भ्यायचं ते भ्या म्हणत होती, बोलून टाका. साडेचारले उठून चहा."

सुनंदाने त्यांना जेवू घातलं. त्या तीनच्या गाडीने गेल्या. त्या जाईपर्यंत माझी बायको एका शब्दानेही म्हणाली नाही की मंगळवारी हा माणूस घराबाहेर पडलाच नव्हता. फाटक लावून ती आत आली आणि माझ्यासमोर बसली.

"मले काहून नाही सांगितलं?"

मी म्हणालो, लाज वाटली. कुठलं दुखणं, कुठल्या जागेचं... तुला काय सांगू. ती खूप वेळ रडली. मीही रडलो. मग पदराने तोंड पुसून तिने हळूच दुसरा प्रश्न विचारला.

"मंगळवारी मी खिचडी घेऊन आली, तवा खोलीत कोन होतं मंग?"

मी म्हणालो, मीच होतो. ती म्हणाली, हो, कपाळाले हात लावला ना मी.

पुढच्या आठवड्यात तिने स्वतः हॉस्पिटलला फोन केला आणि मला नागपूरला घेऊन गेली. ऑपरेशन झालं. वहिनींनी दिलेलं पाकीट वापरलं, आणखीही बरीच लागली. अजूनही शिंक आली की थोडं होतंच. दर तीन महिन्यांनी पीएसए करायचं असतं, रिपोर्ट आतापर्यंत चांगले आहेत. पण रक्त दिल्यापासून रिपोर्ट येईपर्यंत तीच धडधड असते, ती गेलेली नाही. चार वाजले की सुनंदा हातातलं काम ठेवून शेजारी येऊन बसते. मी बोलतो. कधी कधी ती बोलते, तिच्या भीतीचं. तिलाही आहे, हे मला आधी सुचलंच नव्हतं.

बरा झाल्यावर यंदा मी खरोखर फुलसावंगीला गेलो. ठरवून गेलो होतो की वहिनींना खरं सांगायचं. ओट्याजवळ पोचतो तोच शेजारची बाई म्हणाली, आज स्वेटर नाही घातला का साहेब? वहिनींनी खुर्ची टाकली, पाणी दिलं. मी हात जोडले. म्हणालो, वहिनी, परसरामच्या बाबतीत माझं फार चुकलं, मला —

त्यांनी मधेच थांबवलं. "किती खेपा मागान माफी? झालं ना त्या दिवशी. तुमी आले, पाया पडले, संपलं. आता चहा घ्या."

मी पाया पडलो होतो, हे मला तेव्हाच कळलं. मनातल्या मनातसुद्धा मी तेवढं केलेलं नव्हतं.

मी चहा घेतला. सांगितलं काहीच नाही. तेव्हाही नाही, अजूनही नाही. त्यांच्या ओट्यावर कोण गेलं होतं, त्याला काय म्हणायचं, मला ठाऊक नाही. नागपूरच्या डॉक्टरला विचारलं तर तो म्हणाला, टेन्शनमध्ये माणसाला भास होतात. बरोबर आहे, पण भास मला व्हायला हवा होता. शेजारणीला कसा झाला? कोणाकडे उत्तर असेल तर सांगा. मला एवढंच माहीत आहे की जो माणूस तिथे जाऊन रडला, पाया पडला आणि माफ होऊन परतला, तो मी नव्हतो. आणि त्याला मिळालेली माफी मी वापरतोय.