एक रेघ आणि सही

'८ जुलै. अप्पांचा फोन साफ करणे.' माझ्या कामांच्या यादीत एवढीच ओळ आहे.

अप्पा म्हणजे माझे सासरे. चेन्नईजवळ आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर मोजमापाची यंत्रं दुरुस्त केली. निवृत्तीनंतर त्यांनी आपला जुना फोन जेलब्रेक केला, म्हणजे कंपनीने घातलेली बंधनं काढून टाकली, आणि त्यात बाहेरचं एक अ‍ॅप स्टोअर बसवलं. दुपारची कॉफी झाली की ते त्यात शिरायचे. कधी घड्याळाची तबकडी बदल, कधी अक्षरं मोठी कर. प्रत्येक बदल तारखेसह वहीत.

त्या आठवड्यात चेन्नईत नुंगंबाक्कमला आमच्या ऑफिसात सायबर सुरक्षेवर भाषण झालं होतं. आठ तारखेला मला सुट्टी होती. अप्पा आंघोळीला गेले आणि मी ते स्टोअरच काढून टाकलं. 'नक्की काढायचं?' असं फोनने दोनदा विचारलं. मी दोनदा हो केलं. अप्पांना विचारावं, हे मनातही आलं नाही.

दुपारी ते स्वयंपाकघरात आले. "अगं, माझं स्टोअर दिसत नाही."

"तुमच्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असेल," भाजी चिरता चिरता मी म्हणाले. वाद टाळायला एवढं पुरेल असं वाटलं.

पुरलं. "असेल," म्हणाले. त्या उन्हाळ्यात ते दोनदा किल्ली विसरले होते, एकदा शेजाऱ्यांचं नाव. हेही त्यांनी त्याच रांगेत बसवलं. फोन कपाटावर ठेवून दिला. "गॅस बंद आहे का, तूच बघ," असं म्हणू लागले.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी फोन घेऊन त्यांच्यासमोर बसले. "परत बसवू या. कसं ते सांगा."

"तूच कर. माझ्या बोटांचा भरवसा नाही." त्यांनी वही उघडली. शेवटची नोंद होती : 'माझ्या चुकीने स्टोअर गेले.'

ते सांगत गेले, मी करत गेले. "रीसेट करू नकोस हं, सगळंच जाईल." फोन ज्या अ‍ॅपने जेलब्रेक केला होता ते शाबूत होतं. ते उघडून त्यातून स्टोअर पुन्हा बसवलं. पडद्यावर बारीक अक्षरं धावली आणि चिन्ह जागेवर आलं. दहा मिनिटांचं काम. एकही पायरी ते चुकले नाहीत.

"सेरी, झालं बरं! मी घालवलं, तू आणलंस." लगेच माझ्या नणंदेला फोन लावून त्यांनी माझं कौतुक केलं. मी समोर बसून ते ऐकलं.

सकाळी कॉफी ठेवताना सांगितलं, "अप्पा, स्टोअर मी काढलं होतं. तुम्ही नाही."

त्यांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "आणि इतके दिवस मला तसंच राहू दिलंस?"

"हो."

त्यांनी वही पुढे सरकवली. मी ती नोंद खोडायला लागले तसे ओरडले, "गिरगटू नकोस! कारखान्यात चुकीची नोंद एकाच रेघेने खोडायची. खालचं वाचता आलं पाहिजे. वर खरं लिही आणि सही कर."

मी एक रेघ मारली. वर लिहिलं : 'सुनेने काढले. सासऱ्यांवर ढकलले.' सही केली. तारीख राहिली होती, तीही घातली.