जाळं पाण्यात असताना

ज्योत्सना मॅडमच्या लॅबमध्ये मुलांना फोन बंद ठेवावा लागत नाही. ऐन परीक्षेत कुणाच्या घरून फोन आला, तर मॅडम स्वतः सांगतात, "जाय, आधी ओ दे." बाकीचे मास्तर यावरून कुरकुरतात. कुरकुरोत बापडे! त्यांना काय ठाऊक?

ज्योत्सना भंडाऱ्याजवळच्या कारध्याची. बाप बुधराम वैनगंगेत डोंगा घालून मासे धरायचा. पोरगी नागपूरला इंजिनीअरिंगला गेली, पण त्या मेल्या मायक्रोप्रोसेसरच्या प्रॅक्टिकलनं तिचा जीव खाल्ला. असेंब्ली भाषा म्हणे! भाषा कसली, हा आकडा इथून उचल, तिथं ठेव, त्यात तो मिळव. एक पायरी चुकली की सगळं मुसळ केरात. पहिल्या खेपेला ती नापास झाली आणि तोंड पाडून घरी आली.

बुधराम अंगणात जाळं सांधत बसला होता. "मले सांग, काय अडते तुहं?"

"इंटरप्ट अडते, बाबा. मशीन काम करून राहिली अन् मधातच कोणी हाक मारली, तं हातचं काम जपून ठेवायचं, ओ द्यायची, अन् मंग तेथूनच काम पुढं धरायचं. हाका ऐकू नको, असंही तिले सांगता येते. पण एक हाक अडवताच येत नाही. तिचं नाव ट्रॅप."

बुधराम हसला. "आपल्यात तं असं नाही. जाळं पाण्यात असलं का काठावरून हाक मारायचीच नाही. माणूस वळला का डोंगा कलंडते."

खरंच होतं ते. दारात पाहुणा येवो, घरात कुणी तापानं फणफणो, जाळं वर येईपर्यंत काठावरचं माणूस मुकाट बसून राही. ज्योत्सनाच्या आईनं, बायाबाईनं, जन्मभर हे पाळलं होतं.

पुढच्या परीक्षेच्या तोंडावर बुधरामचं हृदयाचं दुखणं उपटलं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोरगी धावत आली, तर हा भला माणूस तिच्यावरच खेकसला, "कायले आली? जाय, पेपर दे. मी काही मरून नाही राहिलो."

निघताना तिनं आईचे हात धरले. "माय, बाबाले जराही जास्त झालं तं फोन कर. परीक्षा गेली खड्ड्यात. करशील ना?"

बायाबाईनं मान डोलावली.

प्रॅक्टिकलच्या आदल्या दुपारी ज्योत्सनानं स्वतःच फोन लावला. "बरे आहेत, पेज पिले," आई म्हणाली. आवाज बसलेला वाटला, पण पोरीनं मनावर घेतलं नाही. अगं, घ्यायचं होतंस मनावर! नागपूरहून भंडारा ते केवढंसं? एसटीत बसली असती तर संध्याकाळच्या आत बापाजवळ असती.

दुसऱ्या दिवशी तिचा प्रोग्राम एका फटक्यात चालला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "अडवता येत नाही असा इंटरप्ट कोणता?"

"ट्रॅप, सर," ती चटकन म्हणाली. सर खूश झाले. कधी एकदा बाबांना सांगते असं तिला झालं. व्हरांड्यात येऊन तिनं फोन लावला.

"आटोपला का पेपर?" बायाबाईनं विचारलं.

"आटोपला, माय! मस्त गेला. बाबाले दे फोन."

"ये आता, बाई. बाबा गेले तुहे, सकाळीच. कालपासूनच लय जास्त झालं होतं."

"काहून नाही सांगितलं? म्या बजावलं होतं ना तुले!"

"कशी सांगू? तुहं जाळं पाण्यात होतं. तिले हाक मारू नोको, असं तेच म्हणत होते." बायाबाईचा हुंदका फुटला. "अन् आज सकाळी तेच तुले हाका मारून राहिले होते, बाई. एकसारख्या. जीव जाईपर्यंत."

ज्योत्सना तिथंच खाली बसली. आत पुढच्या मुलाचं नाव पुकारत होते.