मक्याची पेज आणि शांत रांग

मंडळींनो, छावणीतून बालीगंजला परतले ती थेट मंडळाच्या या फळ्यावर हे लिहायलाच आले.

सॉल्ट लेकच्या छावणीत आपण सीमेपलीकडून आलेल्या निर्वासितांच्या पोरांना मक्याची पेज वाटतो. पीठ नुसत्या मक्याचं नसतं. त्यात सोयाबीन, दूध पावडर आणि जीवनसत्त्वं मिसळलेली असतात. त्या पेजेवर पोरांच्या पायांची उपासमारीची सूज उतरली आणि रांगेत एवढा कालवा सुरू झाला, की मी वैतागून छावणीतल्या डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "कान किटले हो!"

"किटू देत," त्या म्हणाल्या. "खंगलेलं मूल आधी रडायचं थांबतं."

गेले दोन आठवडे ते पीठ आलेलंच नाही. उरलेलं आम्ही पातळ करत करत पुरवलं. आज पातेल्यात जवळजवळ पाणीच होतं.

तरी पोरं गुपचूप रांगेत उभी होती. माझ्यासोबत आलेल्या वहिनी कौतुकानं म्हणाल्या, "किती गुणी झालीत बघा!"

 डॉक्टरीणबाई एकेकाचं पाऊल अंगठ्यानं दाबून बघत होत्या. दाबल्याचा खळगा भरून येत नव्हता; सूज परत आली होती.

उद्या कोण दूध देतंय, कोण डाळ? मला तो कालवा परत ऐकायचाय.